रशिया २००२ रिप्ले : सीएसकेएचं कार्ड एकदाचं लागलं

मंडळी, रशियन फुटबॉल लीगचा २००२ चा सीझन मी फासे टाकून पुन्हा खेळतोय; प्रत्येक संघाचं एक कार्ड, आणि दोन दहाबाजू फाशांवर १ ते १०० पैकी जो आकडा पडेल त्यावरून किती गोल केले, किती खाल्ले ते ठरतं. त्यातलं सीएसकेए मॉस्को या क्लबचं कार्ड फायनल. सगळा रिप्ले या एका कार्डापाशी अडून बसला होता. सुटला तो नवं काही बसवून नाही, बसवलेलं काढून टाकून.

मागचे भाग वाचलेल्यांना अडचण ठाऊक आहे, तरी आकडे पुन्हा समोर ठेवतो. लोकोमोटिव मॉस्को : १९ विजय, ९ ड्रॉ, २ पराभव, ४६ गोल केले, १४ खाल्ले. सीएसकेए : २१ विजय, ३ ड्रॉ, ६ पराभव, ६० केले, २७ खाल्ले. दोघांचेही ६६ गुण. सलग सहा वर्षं अजिंक्यपद खिशात घालणारा स्पार्ताक ५५ गुणांवर तिसरा. विजय मोजा नाहीतर गोलफरक बघा, दोन्हीकडे सीएसकेए पुढे. पण समान गुण झाले तर नियम होता वेगळ्या निर्णायक सामन्याचा, 'गोल्डन मॅच'चा. म्हणून तर हा सीझन घेतला.

लोकोचं कार्ड एका बैठकीत जमलं होतं. ३० सामन्यांत १४ गोल म्हणजे सामन्याला ०.४७. पॉइसाँ (सरासरीवरून शून्य, एक, दोन गोलांची शक्यता काढायचं सूत्र) लावला तर बचावाचा रकाना असा येतो : १ ते ६३ शून्य गोल, ६४ ते ९२ एक, ९३ ते ९९ दोन आणि १०० पडला तर तीन. बेरीज बरोब्बर शंभर, कुठे ओढाताण नाही. सरासरी प्रतिस्पर्ध्याशी ३० सामने टाकले की साधारण १९ विजय, साडेसात ड्रॉ, ६५ गुण. खऱ्या सीझनला एवढं चिकटलेलं कार्ड मी आजवर बनवलेलं नाही, आणि त्याचं श्रेय माझं कमी, लोकोचा प्रशिक्षक स्योमिनच्या बचावफळीचं जास्त.

सीएसकेए मात्र ऐकेना. सामन्याला २ गोल केले, ०.९ खाल्ले. या सरासरीवर ड्रॉ सहाच्या वर जातात आणि गुण ६३ वर थांबतात. खरे ड्रॉ फक्त ३. तीन जादा ड्रॉ आणि तीन कमी गुण! प्रशिक्षक गझाएवचा हा संघ सामना अर्धवट सोडायचा नाही, जिंकायचा नाहीतर हरायचा. ते कार्डावर उतरवायला मी 'ड्रॉफोड' नियम आणला : सीएसकेएचा सामना बरोबरीत सुटला की जादा फासा, आणि निम्म्या वेळा निकाल लागेपर्यंत पुन्हा टाकायचं.

ड्रॉ लगेच तीनवर आले. पण फोडलेल्या दर पाच ड्रॉंपैकी साधारण चार विजयात जातात, कारण संघच तगडा आहे. गुण चढले ६७ च्या वर, गोल ६० चे ६४ झाले. आता सीएसकेए बहुतेक सीझनमध्ये लोकोच्या पुढे. गोल कापले तर विजय घटतात, बचाव सैल केला तर पराभव सहाच्या पुढे जातात. उशी एका कोपऱ्यात दाबली की दुसऱ्या कोपऱ्यातून वर यायची.

त्यात फासे. मागवलेल्या जोडातला एक उघड उघड सातावर लोळत होता. दुकानाचं नाव घेत नाही, पण गोल कडांचे स्वस्त दहाबाजू फासे घेऊ नका. तीक्ष्ण कडांचे पारदर्शक घ्या, आतला बुडबुडा निदान दिसतो. मोठ्या चाचण्यांना मी आता संगणकावरचा लिबरऑफिस कॅल्क हा स्प्रेडशीटच वापरतो. फाशांची मजा नाही, पण रात्रभरात ढीगभर सीझन निघतात.

त्या ढिगातूनच उत्तर आलं. प्रत्येक सामन्यात ड्रॉची शक्यता २१ टक्के धरली, तर ३० सामन्यांत तीन किंवा त्याहून कमी ड्रॉ येण्याची शक्यता किती? जवळपास दहा टक्के. दहातला एक सीझन! असं तर पत्त्यांतसुद्धा होतं आणि आपण त्यासाठी पत्ते बदलत नाही. ड्रॉफोड रद्द. कार्ड साधं, सरासरीवरचं, ६३ गुणांचं. ज्यांना 'गझाएवचा स्वभाव' कार्डावर हवाय त्यांनी आपापल्या घरी बसवावा.

आता पुढची पंचाईत. ६५ आणि ६३ ची दोन कार्डं शेवटी समान गुणांवर येणार कधी? दोन्हीकडचा विखुरपणा धरून शंभरात चारेक सीझन येतात. हाताने फासे टाकून त्याची वाट बघायची तर माझी निवृत्ती होईल. तेव्हा बेत असा : कॅल्कवर सीझन चालवायचे, समान गुण निघाले की थांबायचं, आणि गोल्डन मॅच तेवढी टेबलावर, फाशांनी. ती डायनॅमो स्टेडियमवरची मॅच मी तटस्थ धरतोय, म्हणजे घरच्या मैदानाचा रकाना बंद.

हे लिहितानाच एक सुचतंय. ती मॅच नव्वद मिनिटांच्या एका फाशात का उरकायची? २१ नोव्हेंबरला खऱ्या मॅचमध्ये लोकोच्या लोस्कोवने सहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला सगळा वेळ लोकोने तो १-० जपला. पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा तुकडे करू, आणि आघाडी घेतलेल्या संघाचे दोन्ही रकाने थोडे खाली आणू. 'स्वभाव' आणायचाच तर तो इथे शोभेल, तीस सामन्यांच्या गाळणीत नाही. किती खाली आणायचे यावर कुणाकडे तयार तक्ता असेल तर टाका.

हे जमलं तर १९९६ चा सीझन उघडतोय, २००५ चा बेत मागे. स्पार्ताक आणि अलानिया, दोघांचेही २२-६-६, ७२ गुण. गोल्डन मॅच सेंट पीटर्सबर्गला, स्पार्ताक २-१. आणि हरलेल्या अलानियाच्या बाकावर कोण? हेच गझाएव! दोन्ही गोल्डन मॅच हरलेला एकच प्रशिक्षक, म्हणजे त्यांच्यासाठी एक कार्ड वेगळं करायला हवं. आधी साचा १८ संघ आणि ३४ फेऱ्यांचा करावा लागेल, ते काम या रविवारी.