टाकीत हवा हवी, पाणी नको: चिरेखाणीतल्या पेंटबॉलची नोंद

आमचं पेंटबॉलचं (हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ) मैदान म्हणजे कुडाळ-मालवण रस्त्यापासून आत असलेली, बंद पडलेली चिरेखाण. उभ्या कापलेल्या भिंती, मध्येच टाकून दिलेले चिऱ्यांचे ढीग, कडेने करवंदीच्या जाळ्या. आडोसे विकत आणावे लागत नाहीत. खालच्या टप्प्यात पावसाचं पाणी साचतं, तेवढा भाग दोरी बांधून बंद ठेवतो. बाकी सगळं आहे, फक्त मार्करच्या, म्हणजे गोळ्या मारायच्या बंदुकीच्या, टाकीत भरायला दाबलेली हवा नाही. शहरातल्या मैदानांवर टाकी भरून देणारा माणूस असतो, इथे आपणच. म्हणून घरी टाकी भरायचे मार्ग थंडीपासून एकेक करून बघतोय. लक्ष्य गणपतीचं: चाकरमानी आले की खेळणारे दुप्पट होतात आणि दोन दिवसांत दहा-बारा टाक्या तरी भराव्या लागणार.

आमच्याकडच्या टाक्या ४८ क्यूबिक इंचाच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, ३००० पीएसआय दाबाच्या. आपल्या भाषेत ०.७९ लिटर आणि सुमारे २०७ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब). २०० बारला भरली की आत साधारण १६० लिटर मोकळी हवा कोंबलेली असते. या हवेचं वजनच १९० ग्रॅमच्या आसपास भरतं, काट्यावर ठेवून बघा, मजा वाटते. एका टाकीत साडेचारशेच्या आसपास गोळ्या उडतात.

सीओटू का नाही

हवेऐवजी सीओटू का भरत नाही, हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आधीच उरकतो. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. आपल्याकडे मार्च ते मे दुपारी पारा त्याच्या वरच असतो. खाणीच्या तापलेल्या जांभ्यावर टाकी ठेवली की आतला दाब चढत जातो आणि पहिली गोळी व दहावी गोळी यांच्या वेगात फरक पडतो. विषय संपला.

थंडी: हातपंप

एअर रायफलवाले वापरतात तो तीन टप्प्यांचा हातपंप. २०० बारला तो नक्की पोचतो. पण तो बनलाय रायफलच्या छोट्या नळकांड्यासाठी, आणि आपल्याला त्यात मावतं त्याच्या कितीतरी पट भरायचंय. रिकामी टाकी भरायची तर शेकड्यांनी पंप मारावे लागतात. पन्नासेक मारले की पंपाला विसावा द्यायचा, नाहीतर आतल्या ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) तापून जातात. शेवटच्या ५० बारला तर अंगाचं सगळं वजन दांड्यावर टाकावं लागतं. आई पडवीतून बघत होती. "मेल्या, घरात बॉम्ब करतंस की काय?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पंपाचा निचऱ्याचा स्क्रू सोडला की पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. इथूनच माझं लक्ष दाबावरून पाण्याकडे वळलं. पुढची सगळी नोंद खरं तर पाण्याचीच आहे.

१३ क्यूबिक इंचाची छोटी टाकी असेल तर हातपंप चालेल. ४८ ला तो व्यायाम समजून घ्या.

हवेतलं पाणी, थोडा हिशोब

३० अंशांच्या हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी प्रति घनमीटर मावतं. किनाऱ्यावर मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर २५ ग्रॅम. जुलैत २७ अंश आणि ९० टक्क्यांच्या वर, म्हणजे २३-२४ ग्रॅम. पावसाळ्यात हवा जास्त ओली असं आपल्याला वाटतं, पण भरणाऱ्याच्या दृष्टीने मे आणि जुलै सारखेच. फरक पडतो तो थंडीत: जानेवारीच्या सकाळी ती १२-१३ ग्रॅमवर येते.

एका टाकीला १६० लिटर हवा, म्हणजे उन्हाळ्या-पावसाळ्यात जवळजवळ ४ ग्रॅम पाणी. पाऊण चमचा. आणि २०० बारला टाकीच्या पोटात वाफ म्हणून राहू शकतं ते फक्त ०.०३ ग्रॅम. बाकीचं सगळं पाणी होऊन खाली बसणार. प्रश्न इतकाच की ते टाकीच्या आत बसतंय की आधी कुठे तरी अडतंय. आत बसलं तर आधी रेग्युलेटरची (टाकीच्या तोंडावरचा, दाब कमी करून देणारा भाग) वाट लागते, मग अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. त्यात आपला खारा वारा.

एक सोपा उपाय इथेच सांगतो. टाकी नवी असताना, पूर्ण रिकामी करून, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला आणि आकडा टाकीच्या कव्हरवर लिहून ठेवा. दर महिन्याला पुन्हा रिकामी तोलायची. वजन दोन-तीन ग्रॅमने वाढलं असेल तर ते पाणी आहे, दुसरं काही नाही. माझ्या मते दाब दाखवणाऱ्या गेजपेक्षा हा काटा जास्त खरं बोलतो.

मार्च-एप्रिल: डायव्हिंगचा सिलिंडर

मालवण-तारकर्लीला आपलं नशीब उजाडतं. स्कूबावाल्यांचे कॉम्प्रेसर हवा वाळवूनच भरतात, कारण माणसाने ती श्वासात घ्यायची असते. श्वसनाच्या हवेच्या युरोपियन मानकात २०० बारपर्यंतच्या सिलिंडरला घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम पाण्याची मर्यादा आहे. आपल्या अंगणातल्या हवेत २४,००० मिलिग्रॅम. एवढी कोरडी हवा घरी मिळवायची तर घाम निघतो.

ओळखीच्या डायव्हिंगवाल्या दादांकडे टाकी घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेऊन फिरवली, शिक्के बघितले आणि परत दिली. "पेसोची मान्यता नाय हिच्यावर. माझ्या कॉम्प्रेसराक ही लागूची नाय." बरोबरच आहे. नागपूरची पेसो (स्फोटकं आणि दाबाचे सिलिंडर यांची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) ज्या गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार काम करते, त्यात ५०० मिलिलिटरच्या वरची टाकी सिलिंडर म्हणून मोजली जाते. आपली ७९० मिलिलिटरची त्यात येते, १३ क्यूबिक इंचाची २१३ मिलिलिटरची येत नाही. नवीन घेणाऱ्यांनी आधी हे बघा. आणि पैसे घेऊन दुसऱ्यांच्या टाक्या भरून द्यायचा धंदा डोक्यातून काढून टाका.

शेवटी दादांनी त्यांचा भरलेला सिलिंडर भाड्याने दिला: ११.१ लिटरचा, २०० बार. त्यावर क्लॅम्पवाला फिल अ‍ॅडाप्टर (सिलिंडरला टाकी जोडायचा जोड), गेज, होज म्हणजे नळी, आणि नळीत अडकलेली हवा सोडायचा ब्लीड व्हॉल्व्ह. रिकाम्या टाकीला लावला की दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत हवा आपोआप येते. घाम नाही, आवाज नाही. मात्र सिलिंडर दर वेळी उतरतो. पहिली टाकी १८७ बारला भरते, दुसरी १७४ ला, तिसरी १६३ ला, चौथी १५२ ला. चौथ्या टाकीत साडेतीनशे गोळ्यांचीच हवा.

दोन सिलिंडर असतील तर हिशोब बदलतो. आधी उतरलेला, म्हणजे १५२ बारचा लावायचा. टाकी १४२ पर्यंत येते. मग २०० चा ताजा लावायचा, १९६! सुरुवातच ताज्याने केली असती तर १८७ वर अडलो असतो. आधी कमी दाबाचा, मग जास्त दाबाचा, हा क्रम कधी उलटा करू नका.

भरायचं ते हळूहळू. व्हॉल्व्ह झटकन उघडला तर हवा तापते, गेज २०० दाखवतं, आणि ६० अंशांची टाकी ३० अंशांवर आली की तेच गेज १८२ दाखवतं. मी एका टाकीला चार-पाच मिनिटं देतो. आणि होज काढण्याआधी ब्लीड व्हॉल्व्ह सोडायचाच. होजमध्ये २०० बार असताना टोकाचा जोड (कपलर) ओढायला गेलात तर तो सुटत नाही, आणि सुटलाच तर हात वाचत नाही.

फिल निपलला, म्हणजे टाकीच्या हवा भरायच्या तोंडाला, तेल लावू नका. खोबरेल नाही, मशीनचं नाही, मार्करमध्ये घालायचं पेंटबॉल तेलही नाही. दाबाखालच्या गरम हवेत तेल पेट घेतं. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. आणि दवाखान्यातला ऑक्सिजन सिलिंडर "हवाच तर आहे" म्हणून कोणी सुचवला तर त्या माणसाला खाणीत घेऊ नका.

मेअखेर

इथे घोडं अडलं. मेच्या शेवटी समुद्रातली जलक्रीडा बंद होते ती ऑगस्ट संपेपर्यंत. दादांचा कॉम्प्रेसर ताडपत्रीखाली गेला. म्हणजे कोरडी हवा मिळायची बंद झाली नेमक्या त्या महिन्यांत, जेव्हा घरची हवा मेइतकीच ओली. आणि गणपती त्याच सुमारास.

एसी दुरुस्त करणाऱ्या मित्राने नायट्रोजन सुचवला. कल्पना चांगली: पूर्ण कोरडा, आणि मार्करला हवा की नायट्रोजन याने काही फरक पडत नाही. पण ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर १५० बारच्या आसपासच भरलेला येतो, त्यामुळे टाकी त्याच्या वर जात नाही. तो घरात ठेवायला आई तयार नाही. तिचं मी ऐकलं.

जून-जुलै: यंत्र

पाच जणांत वर्गणी काढून उच्च दाबाचा घरगुती कॉम्प्रेसर घेतला: १.८ किलोवॅट, पाण्याने थंड होणारा, ३०० बारपर्यंतचा. एक टाकी चार-पाच मिनिटांत. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि मोटर कण्हायला लागते, त्यामुळे भरणं सकाळी. थंड करायला बादलीत पंप सोडलाय. बादली विहिरीच्या पाण्याची, ते घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या पाण्यापेक्षा गार.

यंत्राबरोबर आलेली कापसाची फिल्टर नळी पहिल्याच भरणीत ओलीचिंब. दुकानदारांकडचा ठरलेला सल्ला, "सिलिका जेल घाला". पण जेल किंवा मॉलिक्युलर सीव्ह (दोन्ही पाणी शोषणारे दाणे) आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी धरतं. ५० ग्रॅम सीव्ह म्हणजे १० ग्रॅम पाणी. टाकीमागे ४ ग्रॅम धरलं तर अडीच टाक्यांत संपलं! दर अडीच टाक्यांनी फिल्टर उघडणारा माणूस खेळणार कधी?

उत्तर डायव्हिंगच्या कॉम्प्रेसरमध्येच होतं: बॅकप्रेशर व्हॉल्व्ह. यंत्र, मग पाणी वेगळं करणारा सेपरेटर, मग सीव्हचा फिल्टर, आणि त्याच्या पुढे हा व्हॉल्व्ह, मग टाकी. दाब १५० बारला पोचेपर्यंत तो हवा पुढे सोडत नाही. त्याने काय होतं बघा. हा व्हॉल्व्ह नसेल तर रिकामी टाकी भरताना सेपरेटरमध्येही सुरुवातीला दाब कमीच असतो, म्हणून वाफ वाफच राहून टाकीत जाते आणि तिथे पाणी होते. व्हॉल्व्ह लावला की सेपरेटरमध्ये पहिल्या मिनिटापासून १५० बार. ३५ अंशांच्या हवेत मावतं ४० ग्रॅम, पण ते दाबलेल्या घनमीटरमध्ये, म्हणजे मोकळ्या हवेच्या हिशोबाने ०.२७ ग्रॅम. बाकी सगळं सेपरेटरच्या तळाशी. सीव्हच्या वाट्याला टाकीमागे जेमतेम ०.०४ ग्रॅम येतं. तेच ५० ग्रॅम कागदावर दोनशेच्या वर टाक्यांना पुरतं. मी निम्मे धरून शंभरला बदलणार.

दोन गोष्टी त्याला जोडून. सेपरेटर थंड हवा. ५५ अंशांच्या हवेत ३५ च्या अडीचपट वाफ मावते, म्हणून यंत्रातून निघालेली नळी बादलीतून वळसा घालून आणली. आणि दर मिनिटाला सेपरेटरचा निचरा. पहिल्यांदा उघडला तेव्हा दुधाळ पाणी, यंत्राचं तेल मिसळलेलं. म्हणून सीव्हच्या आधी कोळशाचा थर.

तिसरी युक्ती फुकटची. हवा ओढणारी नळी भिंतीतून वरच्या खोलीत घेतलीय, जिथे एसी आहे. २४ अंश आणि ५० टक्के, म्हणजे ११ ग्रॅम. भर जुलैत जानेवारीपेक्षा कोरडी हवा! शिवाय समुद्राकडचा खारा वारा यंत्रात जात नाही.

भरताना टाकी चिऱ्यांच्या चौकोनात उभी असते, आम्ही भिंतीच्या अलीकडे, गेज बाहेर. टाकीच्या रेग्युलेटरवर उच्च दाबाच्या बाजूला ५००० पीएसआयची बर्स्ट डिस्क (दाब फार चढला की फुटून हवा सोडणारी चकती) असते, तिच्या जागी दुसरी कुठलीही लावायची नाही. यंत्राची स्वतःची डिस्क वेगळी, ती टाकीला वाचवत नाही. आपोआप बंद होण्याचा आकडा मी २०० वर ठेवलाय, २०७ वर नाही.

या यंत्राची हवा कोणी श्वासासाठी मागितली तर साफ नाही म्हणा. दादांचा सिलिंडर "जरा भरून दे" असा विनोदही आम्ही बंद केलाय. आमच्या फिल्टरला तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड तपासायची सोय नाही, मार्करला त्याची फिकीर नसते, फुप्फुसांना असते.

आत्ताची स्थिती

यंत्राने भरलेल्या टाक्यांचं रिकामं वजन थंडीतल्या आकड्यावरच आहे, काट्याला एका ग्रॅमचाही फरक दिसत नाही. हातपंपाने भरलेली जुनी टाकी ३ ग्रॅमने जड निघाली, ती रेग्युलेटर उघडून आतून बघायला जाणकाराकडे दिली आहे. निपलच्या टोप्या हरवतात म्हणून दोऱ्याने बांधल्या. सप्टेंबरात समुद्र उघडला की दादांकडून दोन सिलिंडर भाड्याने घेऊन यंत्राला विश्रांती देणार. यंत्राच्या पिस्टन रिंगा किती चालतात ते तेव्हा उघडून बघेन आणि लिहीन.

गणपतीला येणाऱ्यांसाठी: टाकीवर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेली टाकीची चाचणी) तारीख घरूनच वाचून या. पाच वर्षं उलटली असतील तर ती मखराच्या सामानात कोंबून आणू नका. मी ती भरणार नाही, उकडीचे मोदक मात्र मिळतील.