तुम्ही विचारलंत म्हणून : जिकनं का इकत लिधं?

साक्रीहून धुळ्याकडे येताना पांझरेच्या काठी जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात मी खेळाचा शिक्षक आहे. होळी झाली की आसपासच्या टेनिस बॉल स्पर्धांना स्कोअर लिहायला बसतो. माईकवाला आला नाही तर कॉमेंट्रीही मीच करतो. त्यामुळे एक प्रश्न वर्षभर माझ्या मागे असतो. आधी तो फक्त गावच्या स्पर्धेबद्दल असायचा, मग आयपीएलच्या लिलावावर आला. आता रात्री जागून इंग्लंडचा फुटबॉल बघणारी नववी-दहावीची पोरंही तेच विचारतात : सर, पैसा ओतून जिंकलेल्या टीमचं जिंकणं खरं मानायचं का?

आमच्या अहिराणीत याचा निकाल आधीच लागलेला असतो. फायनल संपते, कप घेऊन पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात आणि लिंबाखालचा एखादा बाबा टोपी झटकत म्हणतो, "जिकनं नही भो, इकत लिधं." म्हणजे जिंकलं नाही, विकत घेतलं.

हे वाक्य मीही खूप वर्षं म्हणत आलो. आता म्हणत नाही. का, ते सांगतो, थोडं लांबेल.

आमची स्पर्धा आठ ओव्हरची. पहिलं बक्षीस 51 हजार, दुसरं 31 हजार, मॅन ऑफ द सिरीजला कूलर. मैदान म्हणजे कांदा निघून गेलेलं रान. टँकरने पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याने रेघा आखायच्या. एका वर्षी गावातल्या एका व्यापाऱ्याने आपल्या टीमसाठी पाच खेळाडू बाहेरून आणले. मालेगाव-नाशिककडचे, टेनिस बॉलवरच कमावणारे. मॅचमागे ठरलेले पैसे, राहणं-जेवण वेगळं. त्यांनी फायनल पाचव्या ओव्हरलाच संपवली. समोरच्या टीममध्ये माझे विद्यार्थी होते, त्यातले दोघे पहाटे कांद्याची गाडी भरून मैदानावर आले होते. रात्री शेवभाजीच्या पंगतीत कोणी धड बोलत नव्हतं. पुढच्या वर्षी नियम झाला : खेळाडू गावचाच हवा आणि टेबलावर आधार कार्ड दाखवायचं. तो नियम माझ्या अक्षरात लिहिलेला आहे. आपण न्यायाचं काम केलं असं मला मनापासून वाटत होतं.

त्या वर्षी टेबलावरही मीच बसलो. सकाळी सातला एक पोरगा आला, पाठीवर बॅट, डोळे जागरणाने लाल. रात्रीच्या गाडीने सुरतहून नवापूर-साक्री करत आला होता. त्याचा बाप पंधरा वर्षांपूर्वी मागावर कामाला गेला आणि तिथेच, सुरतेच्या उधना भागात राहिला. आमच्या गल्लीत मोजायला बसलं तर ज्यांचं कोणीच सुरतेला नाही अशी घरं थोडी निघतील. पोराच्या आधारवर गुजरातचा पत्ता. त्याच्यामागे रांगेत दोन बॉलर उभे होते. त्यांना मी गावात कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या आधारवर आमच्या गावाचा पत्ता होता, तीन महिन्यांपूर्वी बदलून घेतलेला. कागद चोख होता. मी त्यांना आत घेतलं आणि उधन्याच्या पोराला थांबवलं.

त्याची आजी डबा घेऊन बाउंड्रीजवळ बसली होती. ती उठून टेबलापाशी आली. "मास्तर, कागदले काय इचारस, माले इचार ना."

मी तिला नियम वाचून दाखवला. पोरगा दिवसभर आजीशेजारी बसून मॅच बघत राहिला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

त्या दिवसापासून हा प्रश्न मी दोन तुकड्यांत ऐकतो. डाव सारखा होता का, हा एक. जो जिंकला त्याच्या जिंकण्याचं मोल किती, हा दुसरा. आपण भांडतो पहिल्यावरून, पण आत दुखत असतं ते दुसरं. आधी पहिल्याचं बोलू.

सारखेपणा कशाला म्हणतात हे मी आजोबांकडून शिकलो. पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटाखाली फड पद्धतीने शेती चालायची. एका बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली, आणि शेतकऱ्याचं रान एकाच जागी एकगठ्ठा न राहता थोडं थोडं वेगवेगळ्या फडांत. एखाद्या वर्षी पाणी कमी पडलं तर एक फड कोरडा सोडायचा. त्याचा तोटा मग सगळ्यांच्याच वाट्याला येई. पाटाचं दार शेतकरी स्वतः उघडत नसे, ते काम पाटकऱ्याचं. पाणी असं वाटून झाल्यावर मात्र कोणाचा ऊस तरारून आला आणि कोणाचा खुरटला, याची तक्रार कोणी करायची नाही. आजोबा म्हणायचे, पाण्यावर भांड, पिकावर भांडू नको.

आयपीएलचा लिलाव मला या फडासारखा दिसतो. 2008 साली पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर 50 लाख डॉलरपर्यंतच खर्च करता येत होता. 2025च्या हंगामासाठी ही मर्यादा 120 कोटी रुपये होती, दहाही संघांना तीच. म्हणून "मुंबईने पैशावर पाच कप घेतले" असं कोणी म्हणालं की मी त्याला थांबवतो. मुंबईचा संघ 2008मध्ये सगळ्यांत महाग विकला गेला होता, 11 कोटी 19 लाख डॉलरला. सगळ्यांत स्वस्त राजस्थानचा, 6 कोटी 70 लाखांना. त्या वर्षी कप नेला राजस्थानने, शेन वॉर्नच्या हाताखाली. मुंबई उपांत्य फेरीतही नव्हती. मुंबईचं पहिलं विजेतेपद 2013चं. 2015मध्ये त्यांनी बडोद्याचा एक पोरगा 10 लाखांच्या मूळ किमतीला घेतला, हार्दिक पंड्या. तो लिलावात सगळ्यांसमोर होता. 10 लाख कोणाकडे नव्हते?

तरी सारखेपणाचं गाणं मी पूर्ण गात नाही, कारण पाटाचं पाणी मोजलं जातं, विहिरीचं मोजलं जात नाही. 120 कोटी फक्त खेळाडूंचे. गावोगाव फिरून पोरं हेरणारी माणसं, सरावाची मैदानं, फिजिओ यांवर कोणी किती लावायचे, ते त्या आकड्यात येत नाही. कुस्तीत हे आणखी उघड दिसतं. महाराष्ट्र केसरीच्या गटात 86 ते 125 किलोचे पैलवान उतरतात, काट्यावर उभं करून वजन घेतात. पण त्या देहात उतरलेला खुराक कोणत्या काट्यावर मोजणार? दूध, तूप, बदाम, अंडी, मालिशवाला, वस्तादाची फी. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, पण तयारीसाठी त्यांना पुणं गाठावं लागलं. 2016ची फायनल पुण्यात वारज्याला होती, समोर पुण्याचाच अभिजित कटके. त्या गदेकडे बघताना मला काट्यावरच्या वजनापेक्षा सायगाव ते पुणे हे अंतर आधी आठवतं. खान्देशातल्या किती पोरांना ते परवडत नाही, हे मी शाळेत दरवर्षी बघतो. चांगला दम असलेला पोरगा दहावीनंतर सुरतेच्या गाडीत बसतो आणि तिथेच त्याचा खेळ संपतो.

म्हणून "नियम सगळ्यांना सारखा होता" एवढ्यावर मी आता समाधान मानत नाही. माझा आधार कार्डाचा नियमही सगळ्यांना सारखाच होता.

आता मोलाचं. इथे मला पोरं लेस्टरचं नाव सांगतात. 2015-16ला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेला क्लब. हंगामाआधी सट्टेवाले त्यांना पाच हजारास एक असा भाव देत होते आणि आदल्या वर्षी ते खालच्या लीगमध्ये घसरता घसरता वाचले होते. त्यांचा जेमी वार्डी एकेकाळी कारखान्यात काम करता करता बिगरव्यावसायिक क्लबांसाठी खेळायचा. रियाद महरेझला त्यांनी फ्रान्समधून साडेचार लाख पौंडांच्या आसपास आणलं होतं. तिथल्या बाजारात ही किंमत फारच थोडी. पोरं म्हणतात, सर, हे खरं जिंकणं, गरिबाचं. मी त्यांना उरलेली अर्धी गोष्टही सांगतो. त्या क्लबचे मालक थायलंडमधले मोठे धनिक होते. आणि 2013-14ला, म्हणजे वरच्या लीगमध्ये आले त्या हंगामात, खर्चाच्या नियमांवरून त्यांचा जो वाद झाला तो मिटवायला क्लबने 2018मध्ये 31 लाख पौंड भरले. हे ऐकून पोरांचे चेहरे उतरतात. मला मात्र त्यामुळे लेस्टर छोटं वाटत नाही. त्यांचा पैसा ज्यांच्यावर लागला ती माणसं तिथे येऊन मोठी झाली. वार्डी आला तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. लोक ओळखू लागले तेव्हा तो लेस्टरचाच होता.

आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आहे. विदर्भाने 2017-18ला पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, इंदूरला दिल्लीला हरवून, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा. त्यांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. वसीम जाफरही मुंबईचा, पाहुणा म्हणून आलेला. 2018-19च्या हंगामात वयाच्या चाळिशीत त्याने 1037 धावा केल्या. आमच्या स्पर्धेच्या भाषेत दोघेही बाहेरचे. पण नागपुरात कोणी "इकत लिधं" म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. कारण त्या दोघांच्या अवतीभवती विदर्भाचीच पोरं होती. 2024-25ला विदर्भ तिसऱ्यांदा जिंकलं तेव्हा जाफर कधीच निवृत्त झालेला होता आणि पंडितही सोबत नव्हते.

आणि महाग माणसाबद्दलही मन मोठं ठेवावं असं मला वाटतं. 2024ला कोलकात्याने मिचेल स्टार्कसाठी 24 कोटी 75 लाख मोजले. एप्रिलभर तो मार खात होता आणि आमच्या पारावर त्याच्या एकेका बॉलची किंमत काढली जात होती. मग क्वालिफायर आणि फायनल, दोन्ही मॅचेसमध्ये तोच सामनावीर ठरला. फायनलच्या पहिल्याच ओव्हरमध्ये अभिषेक शर्माचा त्रिफळा उडवलेला तो बॉल पैशाने पडला असं कोणी म्हणू नये. पुढच्या वर्षी ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले आणि लखनौ सातव्या नंबरवर राहिलं. श्रेयस अय्यरला 26 कोटी 75 लाख मिळाले आणि त्याचं पंजाब फायनल 6 धावांनी हरलं. किमतीत फक्त 25 लाखांचा फरक. तो पैसा ज्याच्या डोक्यावर ठेवला जातो त्याला तो दर बॉलला जाणवत असणार, आणि ते ओझं घेऊन चांगलं खेळणं मला फार मोठं वाटतं.

आता पुन्हा त्या व्यापाऱ्याच्या पाच जणांकडे येतो, कारण त्या रागात एक गोष्ट माझ्याकडून नोंदवायची राहून गेली होती. त्यातले चौघे मॅच संपली की मोबाईल घेऊन खोलीत जायचे. पाचवा, डावखुरा फास्ट बॉलर, तिन्ही संध्याकाळी मैदानावर थांबायचा. क्रीजवर एक चप्पल ठेवायची आणि पोरांना सांगायचं, हिला लागली पाहिजे. पोरांची रांग लागायची. अंधार पडून चप्पल दिसेनाशी झाली की मोटरसायकलचा दिवा लावायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण कप गेल्याच्या दुःखात मला त्याचं मोल दिसलं नाही. आज आमच्या शाळेच्या टीममध्ये शेवटची ओव्हर ज्याच्या हातात देतो तो मुलगा त्या रांगेत सगळ्यांत मागे उभा होता, तेव्हा पाचवीत होता. यॉर्करचा सराव करताना तो अजून चप्पलच ठेवतो.

म्हणून पोरं मला विचारतात तेव्हा मी त्यांना उलट विचारतो : टीम उठून गेल्यावर मैदानात काय उरलं ते सांग. ज्या पाच जणांनी आम्हाला हरवलं, त्यातल्या चौघांचं जिंकणं मी त्याच दिवशी विसरलो. पाचव्याचं अजून चालू आहे. व्यापाऱ्याने पैसे पाचही जणांना सारखेच दिले होते.

यंदा कमिटीच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. दोन तास वाद झाला. शेवटी ठरलं की प्रत्येक टीमला बाहेरचे दोन खेळाडू घेता येतील, पण त्यांनी मॅचच्या आधी सकाळी तासभर शाळेच्या पोरांना बॉलिंग टाकायची; तासाला आला नाही तर मॅचला बाहेर बसवायचं. काही जणांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, पैसे घेऊन येणारा मास्तरकी कशाला करेल, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. एका टीमने याच कारणावरून नाव काढून घेतलं आहे.

आधार कार्डाचा नियम मात्र एकमताने गेला. त्याच्या जागी फॉर्मवर एक नवा रकाना घातला. गावात अनोळखी पोरगा दिसला की म्हातारी माणसं त्याला नाव-पत्ता विचारत नाहीत, "तू कोनना रे?" एवढंच विचारतात. रकान्यावर तेवढंच लिहिलं : कोणाचा?

गेल्या रविवारी सुरतेची गाडी पहाटेच आली. उधन्याचा तो पोरगा आता बावीस वर्षांचा आहे, मिशी आलीय. टेबलावर त्याने फॉर्म ओढून घेतला, त्या रकान्यापाशी जरा थांबला, आणि बापाचं नाव न लिहिता आजीचं लिहिलं. मी सही करून फॉर्म त्याच्या टीमच्या गठ्ठ्यात ठेवला.