मर्कलचं दुसरं बेस

आज शिकागोत मेडिकल डिस्ट्रिक्टमध्ये काम होतं. दुपारी सहज चालता चालता वूड स्ट्रीटवर एका पाटीशी थांबले. इथे पूर्वी वेस्ट साइड पार्क होतं, शिकागोच्या कब्ज (Cubs) या बेसबॉल संघाचं जुनं मैदान. आता सगळ्या हॉस्पिटलच्या इमारती.

आणि मला आठवला तो न्यूयॉर्क जायंट्स संघाचा फ्रेड मर्कल! १९०८ चा सीझन. न्यूयॉर्कमध्ये २३ सप्टेंबरला जायंट्स विरुद्ध कब्ज, १-१ बरोबरी, शेवटची इनिंग, दोन आउट. मर्कल पहिल्या बेसवर, वय अवघं १९. त्याच्याच संघातल्या ब्रिडवेलने फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा गडी घरी पोचला. जिंकलो! प्रेक्षक मैदानात घुसले, ते बघून मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच वळला. इथेच घात झाला. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मिळवून बेसला पाय लावला, अंपायरने मर्कलला आउट दिलं, तो तिसरा आउट, म्हणून रन रद्द. (आपल्याकडे क्रीजमध्ये बॅट न टेकवता माघारी फिरावं, तसंच.) सामना बरोबरीत सुटला. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळवला, कब्ज ४-२ ने जिंकले. सीझनअखेर ९९ विजय कब्जचे, जायंट्स आणि पिट्सबर्गचे ९८-९८, म्हणजे एका विजयाने लीग कब्जची! पुढे डेट्रॉइटला हरवून कब्जने वर्ल्ड सीरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदही घेतलं. नंतरचं थेट २०१६ मध्ये.

मला मात्र त्या पोराचंच वाईट वाटत राहिलं. लोकांनी आयुष्यभर त्याला त्या एका चुकीवरून चिडवलं. जायंट्सचा मॅनेजर मॅग्रॉ तेवढा त्याच्या पाठीशी उभा राहिला. परतीच्या ट्रेनमध्येही डोक्यात तोच होता.