किमान रकमेचा सापळा

क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के. म्हणजे २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८. पाच टक्के 'किमान देय' म्हणून ३,००० भरले, तर मुद्दल घटतं जेमतेम ५२२ रुपयांनी!

त्यात थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दूध-किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून आधी कार्ड कपाटात. मोबाइल बिल, ओटीटीसारखी आपोआप कापली जाणारी बिलं बँक खात्यावर वळवा, हेच नेमकं राहून जातं. व्याज रोजच्या थकबाकीवर लागतं, तेव्हा देय तारखेची वाट न पाहता पगाराच्याच दिवशी भरा. दोन कार्डं असतील तर दोन्हींची किमान रक्कम भरून उरलेला पैसा जास्त दराच्या कार्डाकडे. थकबाकीचे ईएमआय करून घेताना प्रक्रिया शुल्क विचारा.