जुन्या गाडीसाठी कमी व्याजाचे कर्ज : माझा अनुभव

वापरलेली गाडी घ्यायची असे ठरल्यावर मी गाडी पाहण्याआधी कर्ज पाहायला सुरुवात केली. सहसा याच्या उलट घडते. गाडी मनात भरते, विक्रेता ‘कालच आणखी दोघे पाहून गेले’ असे सहज बोलल्यासारखे सांगतो आणि मग त्याच्याच टेबलावर जो कर्जाचा अर्ज पुढे सरकवला जातो त्यावर घाईघाईने सही होते. कर्ज आधीच तत्त्वतः मंजूर असले की भाव करताना आपण रोख पैसे देणाऱ्याच्या जागी असतो, आणि गाडीची किंमत व कर्जाचा दर हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळले जात नाहीत.

जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा चढा असतो, आणि त्यामागचे कारण समजून घेतले तर दर कुठे कमी होऊ शकतो हेही कळते. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने गाडी हे तारण असते. ते तारण दरवर्षी झिजते, त्याची नेमकी किंमत ठरवणे अवघड असते आणि हप्ते थकले तर ते विकून किती पैसे हाती येतील याची खात्री नसते. म्हणून गाडी जितकी कमी जुनी, आपली स्वतःची रक्कम जितकी जास्त आणि मुदत जितकी लहान, तितकी देणाऱ्याची जोखीम कमी. या तीन गोष्टी आपल्या हातात असतात. चौथी गोष्ट म्हणजे क्रेडिट स्कोअर, म्हणजे आपण आधीची कर्जे कशी फेडली यावरून मिळणारे गुण. तो एका आठवड्यात सुधारत नाही. तरीही मी माझा क्रेडिट अहवाल आधी मागवून वाचला. फेडून झालेले एखादे जुने कर्ज तिथे अजून चालू दिसत असेल, तर ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय अर्ज करण्यात अर्थ नसतो.

खरा वेळ गेला तो दरांची तुलना करण्यात. एका ठिकाणी मला ८ टक्के दर सांगण्यात आला आणि दुसऱ्या ठिकाणी ११ टक्के. पहिला आकडा ऐकून कोणाचाही कल तिकडेच जाईल. परंतु पहिला दर ‘फ्लॅट’ होता, म्हणजे कर्जाची पाचही वर्षे मूळ रकमेवर व्याज, हप्त्यागणिक मुद्दल कमी होत गेले तरी. दुसरा दर घटत्या शिलकीवर होता, म्हणजे उरलेल्या मुद्दलापुरतेच व्याज. मी कागद घेऊन एक लाखाच्या कर्जाचा हिशेब मांडला. ८ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज सरळ ४०,००० होते आणि हप्ता २,३३३ च्या आसपास येतो. ११ टक्के घटत्या दराने हप्ता २,१७४ येतो आणि एकूण व्याज साधारण ३०,४५०. म्हणजे ‘स्वस्त’ कर्ज साडेनऊ हजारांनी महाग निघाले! घटत्या शिलकीच्या पद्धतीत मांडले तर त्या ८ टक्क्यांचा खरा दर १४ टक्क्यांच्याही किंचित वर जातो. तेव्हापासून मी दर किती हे विचारणेच सोडून दिले. मुदत आणि रक्कम सगळीकडे सारखीच सांगायची, आणि ‘माझ्या खिशातून एकंदर किती जाणार, सर्व शुल्कांसकट, ते लेखी द्या’ एवढेच म्हणायचे. जिथे हा आकडा लेखी मिळायला फार वेळ लागला, ते नाव मी यादीतून काढून टाकले.

गाड्यांच्या विक्रेत्याकडे बसलेल्या कर्ज-प्रतिनिधीशी झालेले बोलणे याच प्रकारातले. त्याने दर सांगितला नाही, रक्कम सांगितली नाही. पहिलाच प्रश्न केला, ‘‘तुम्हाला महिन्याला किती झेपेल?’’ प्रश्न आपुलकीचा वाटतो, पण त्याचे उत्तर दिले की उरलेले सगळे आकडे समोरच्याच्या हाती जातात, कारण मुदत लांबवली की कोणताही हप्ता झेपण्याजोगा करता येतो. वरच्याच ११ टक्के घटत्या दराने एक लाख तीन वर्षांत फेडले तर हप्ता ३,२७४ होतो, पण एकूण व्याज १७,८६० च्या आतच राहते. पाच वर्षांत तेच ३०,००० ओलांडते. शिवाय लांब मुदतीत गाडीची किंमत कर्जाच्या शिलकीपेक्षा वेगाने उतरण्याचा धोका असतो, आणि मग मधेच गाडी विकायची वेळ आली तर विकूनही कर्ज फिटत नाही. मी त्याला हप्ता सांगितला नाही, मुदत सांगितली. त्याचा उत्साह तिथेच थोडा ओसरला. अशा प्रतिनिधीला कर्ज मिळवून देण्याबद्दल बहुधा मोबदला मिळतो. त्यात गैर काही नाही, पण तो अखेरीस आपल्याच दरातून निघू शकतो, हे ध्यानात असावे.

शुल्कांचे प्रकरण दिसायला किरकोळ असते. २ टक्के प्रोसेसिंग फी कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतली, तर हातात ९८,००० येतात आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालते. तीन वर्षांच्या ११ टक्क्यांच्या कर्जाचा खरा दर त्यामुळे सुमारे १२.४ टक्के होतो. कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा विमा हा आणखी एक प्रकार. त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो, म्हणजे त्यावरही व्याज. तो सक्तीचा आहे का, असे मी स्पष्ट विचारल्यावर एका मसुद्यातून ती ओळ मुकाट्याने नाहीशी झाली. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड किती, हेही मी प्रत्येक ठिकाणी विचारले, कारण मधे थोडे पैसे हाती आल्यास मुद्दल कमी करण्याचा माझा विचार होता.

पर्याय म्हणून वैयक्तिक कर्जही तपासले. त्यात गाडीवर बोजा, म्हणजे नोंदणीपत्रावर कर्जदात्याच्या हक्काची नोंद, चढत नाही आणि गाडीच्या वयाची अटही आड येत नाही, पण विनातारण असल्याने माझ्या बाबतीत दर बराच वर गेला. स्वतःची मुदतठेव असणाऱ्याने मात्र तिच्यावर कर्ज मिळते का हे आधी पाहावे.

शेवटी मी जिथे माझे पगाराचे खाते आहे त्याच बँकेकडून कर्ज घेतले. तिचा दर सर्वांत कमी नव्हता, पण एकूण परतफेड सर्वांत कमी होती. तरीही एक अडथळा आलाच: बँकेने गाडीचे मूल्यांकन स्वतःच्या माणसाकडून करून घेतले आणि ते ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आले. कर्ज मिळते ते मूल्यांकनाच्या ठरावीक टक्क्यांइतके, विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीच्या नव्हे. त्यामुळे मधली तफावत मला स्वतःच भरावी लागणार होती. तो मूल्यांकनाचा कागद मी विक्रेत्यापुढे ठेवला आणि किंमत थोडी खाली आली, जी नुसत्या घासाघिशीने आली नसती.

गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज शिल्लक होते. ती शिलकी रक्कम बँकेने परस्पर जुन्या कर्जदात्याकडे भरली, त्याचा ना हरकत दाखला आल्यावर उरलेले पैसे विक्रेत्याला दिले आणि नोंदणीपत्रावर जुना बोजा उतरवून आपला चढवला. हे सारे उरकेपर्यंत मी गाडीची किल्ली घेतली नाही, आणि विक्रेत्यानेही त्याबद्दल खळखळ केली नाही.