तुम्ही विचारलंत म्हणून: ते जुनं पिस्तूल मी का घेतलं नाही

मोंढ्यात चहाला बसलं की कुणीतरी विषय काढतंच. "काका, तुमच्याकडं तर परवाना होता. मग ते ब्राउनिंग पिस्तूल का सोडलं? मला एक स्वस्तात सांगितलंय, घेऊ का?"

आधी त्या 'स्वस्तात'चं बोलू. परदेशी पिस्तुलांची आयात 1980 च्या दशकात बंद झाली. तेव्हापासून देशात जी आहेत तीच हातोहात फिरतात, म्हणून सरकारी कारखान्याच्या नव्या 'अशनी' पिस्तुलापेक्षा जुनं ब्राउनिंग कितीतरी महाग. स्वस्तात मिळत असेल तर त्याला कागद नाहीत असं समजा. बिनपरवाना हत्यार सापडलं तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आत. आणि 9 एमएम म्हणून कुणी दाखवलं तर चहासुद्धा न पिता उठा, तो बोअर, म्हणजे नळीचं ते माप, आपल्यासारख्याला मिळतच नाही.

माझा परवाना 2018 सालचा. आडतीची रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागायचं, ते कारण दाखवलं होतं. पिस्तूल होतं अंबाजोगाईकडच्या एका वयस्कर डॉक्टरसाहेबांचं, बेल्जियमचं, 1910 चं मॉडेल, .32 बोअर. दुकानदाराकडं जमा केलेलं. बघायला जाताना माझा मित्र सोबत घेतला, फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होता तो.

त्यानं आधी पिस्तुलाकडं बघितलंच नाही, डॉक्टरसाहेबांचा परवाना मागितला. त्यावरचा नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी आकडा न् आकडा लावून बघितला. मग नळी काढून उजेडाकडं धरली. आतले पीळ ठीक होते, तोंडाजवळ गंजानं खाल्लेले बारीक खड्डे. ह्या मॉडेलला मुठीच्या मागं एक पट्टी असते, ती तळहातानं दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही. मित्रानं दाबून सोडली, तर ती बाहेर यायलाच तयार नाही. "म्हणजे हे कुलूप कायमचं उघडं," तो म्हणाला. मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायचा खाना, तेही मूळचं नव्हतं, कुठल्यातरी लेथवर करून घेतलेलं. डमी काडतुसं भरली तर पाचव्याला अडकलं.

एवढं होऊनही मला ते हवंच होतं, खोटं कशाला बोलू. दुरुस्ती होईल म्हणलं. पांढऱ्या सदऱ्याआड कमरेला काहीतरी असणं म्हणजे काय, हे आपल्या भागात सांगायला नको. बीडमध्ये 2025 ला परवान्यांची छाननी होऊन कितीतरी रद्द झाले, ते उगीच नाही.

पण कायद्यानं विकणाऱ्याला आधी ठाण्यात किंवा कलेक्टर ऑफिसला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर 45 दिवस थांबावं लागतं. त्या दिवसांत मित्रानं मला एक उद्योग लावला. पिस्तूल सहाशे ग्रॅमच्या आसपास. "जुन्या तराजूचं अर्ध्या किलोचं माप बंडीच्या खिशात ठेव. आठ दिवस. कुठं ठेवायचं नाही, विसरायचं नाही, कुणाच्या हातात द्यायचं नाही."

पहिल्या दिवशी जेवताना टोचलं म्हणून उशाला काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी एका लग्नात गर्दीत सारखा खिशावर हात, पाहुणे विचारायला लागले, छातीत दुखतंय का? तिसऱ्या दिवशी अंघोळीला जाताना बंडी खुंटीवर टांगली. अंग पुसत बाहेर आलो तर नातू समोर. चार वर्षांचा. दोन्ही हातांनी माप धरून म्हणतो, "आजोबा, हे तुमचं पडलं."

बायको चुलीपाशी होती. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, तिनं फक्त विचारलं, दुकानातलं माप घरात कशाला आणलंत?

रोकडीचं म्हणाल तर तोवर निम्म्याहून जास्त पट्टी, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे पैसे, बँकेतूनच जायला लागली होती. आणि निवडणूक लागली की बहुतेकांना हत्यार ठाण्यात जमा करावंच लागतं. आपल्याकडं निवडणूक नाही असं वर्ष कोणतं?

डॉक्टरसाहेबांना फोन करून नको म्हणून सांगितलं. रागावले नाहीत. मॅगझीनची गोष्ट तेवढी पुढच्या गिऱ्हाइकाला सांगू नका म्हणाले. तीही आज सांगून झाली.