तांगे तलावाकाठचं एनर्जी म्युझियम: मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

डेन्मार्क म्हटलं की पवनचक्क्या आठवतात, आणि ते बरोबरच आहे. इथली निम्म्याहून जास्त वीज आता वाऱ्यापासून येते. पण वीज कशी तयार होते हे मुलांना जवळून दाखवायचं असेल, तर मी म्हणेन पाण्याकडे जा. बिएरिंगब्रो गावाजवळ तांगे तलावाच्या काठावर हे म्युझियम आहे. आर्हूस, व्हिबॉर्ग भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांना एका दिवसात जाऊन येता येतं.

इथलं खरं आकर्षण म्हणजे शेजारचं जलविद्युत केंद्र. गुदेनो ही डेन्मार्कची सर्वांत लांब नदी. तिला बांध घालून तलाव केला आणि १९२१ पासून इथे वीज बनते आहे. देशातलं हे सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र, तरी कोयनेच्या १९६० मेगावॅटपुढे ते खिसगणतीतही नाही. मुलांच्या दृष्टीने हा लहान आकारच सोयीचा. कोयनेची मुख्य वीजघरं डोंगराच्या पोटात; इथे अडवलेलं पाणी, टर्बाइन, जनित्र आणि बाहेर जाणाऱ्या तारा हे सगळं चालत-चालत ओळीने बघता येतं. आमच्या लेकीने बांधाच्या वरचं आणि खालचं पाणी पाहिलं आणि स्वतःच विचारलं, “म्हणजे पाणी पडतं म्हणून चाक फिरतं?” तिला पुढचं फारसं समजवावं लागलं नाही.

म्हणून माझा आग्रह: आधी बांध आणि वीजकेंद्र, मग आतली दालनं. नंतर हँडल फिरवून दिवा लावताना मुलांच्या हाताला अर्थ कळतो. दिवा जोडला की हँडल जड का होतं, हे जरूर विचारा. वीज फुकट मिळत नाही, जेवढी ओढाल तेवढा जोर लावावा लागतो. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे हातानेच पटतं. त्याहून लहानांना नुसतं फिरवू द्या.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनी मुद्दाम सांगावी. या बांधाने सॅल्मन माशांची वरच्या पाण्यात अंडी घालायला जायची वाट अडवली आणि गुदेनोतले मूळचे सॅल्मन संपले. माशांसाठी पायऱ्यांची वाट केली, पण ती पुरी पडली नाही. समुद्राकडे निघालेली पिल्लं तलावातच मोठ्या माशांच्या तोंडी जातात. नदी मोकळी करावी की तलाव ठेवावा, हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. ‘स्वच्छ’ विजेचीही किंमत कुणीतरी मोजतं, हे मुलांपासून लपवू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या मुलाने मात्र ताबडतोब माशांची बाजू घेतली.

आता जाण्याचं. आर्हूसहून व्हिबॉर्गमार्गे स्ट्रुएरला जाणारी गाडी बिएरिंगब्रोला थांबते, पण म्युझियम गावाबाहेर आहे, त्यामुळे लहान मुलं असतील तर मोटार बरी. मोठी मुलं असतील तर सायकली न्या. सिल्केबोर्ग ते रँडर्स ही नदीकाठची जुनी वाट तलावाजवळून जाते. हिवाळ्यात बेत आखू नका, म्युझियम हंगामी आहे. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा बघाच. पाट्या वाचायला फोनवर भाषांतराचं ॲप हाताशी ठेवा. डबा घरून न्या, इथल्या सहलींची तीच रीत आहे. आणि मुलांचे कपड्यांचे एक-एक जोड जास्त घ्या, पाण्याशी खेळल्याशिवाय ती परतणार नाहीत.